गॅरेज घराला चिकटलेलं असतं, घरात नसतं

गॅरेजच्या आतल्या भिंतीपाशी जाऊन जमिनीवर एक गोटी सोडून बघा. आधी जरा रेंगाळेल, मग निघेल ती थेट मोठ्या दाराशी जाऊन थांबेल. गवंड्याने काम खराब केलंय असं नाही हां, मुद्दाम केलेलं असतं ते. गाडीबरोबर पावसाचं पाणी येणार, कुठे बर्फ वितळणार, कधी पेट्रोल किंवा ऑइल सांडणार, तर हे सगळं घराकडे न वळता बाहेर निघून जावं म्हणून गॅरेजचा कोबा दाराच्या बाजूला उतरता ओततात. साधारण दर फुटाला पाव इंच किंवा त्याच्या निम्मा. ऐकायला काहीच नाही, पण गॅरेज २० फूट लांब असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच ते पाच इंचांचा फरक पडतो, आणि पाच इंच म्हणजे पलंगाचा एक पाय उचलून खाली दोन विटा घालाव्या लागतील एवढं!

हे गोटीचं सुरुवातीलाच सांगितलं कारण गॅरेजची खोली करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात हिशोब एवढाच असतो की चार भिंती आहेत, छप्पर आहे, शटर काढून तिथे भिंत घालू, खिडकी बसवू, रंग मारू, झाली खोली. माझ्याही डोक्यात हेच होतं. पण गॅरेज घराला चिकटून असलं तरी बांधणाऱ्याच्या लेखी ते बाहेरच असतं. घराचं "आत" कुठे संपतं याची एक न दिसणारी रेषा असते, आणि ती गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीवरून जाते. ओल अडवणं, थंडी आणि ऊन अडवणं, धूर आणि आग अडवणं ही सगळी कामं त्या मधल्या भिंतीला दिलेली असतात. पलीकडच्या गॅरेजला कोणी काही सांगितलेलंच नसतं, त्याने फक्त गाडी भिजू द्यायची नाही. म्हणजे तुम्ही खोली "करत" नाही आहात, तुम्ही ती रेषा उचलून पुढे रस्त्याच्या बाजूला नेताय, आणि ती जिथे जिथे अर्धवट राहील तिथे पुढे त्रास होणार. एकदा हे डोक्यात बसलं की कॉन्ट्रॅक्टर काय बोलतोय ते आपोआप कळायला लागतं.

तर पहिली पाण्याची बाजू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

काँक्रीट दिसतं घट्ट पण ते स्पंजासारखं असतं, त्याच्यात केसाहून बारीक छिद्रं असतात आणि जमिनीतली ओल त्यातून वर चढत राहते. घराच्या खोल्यांखाली साधारणपणे जाड प्लास्टिकचा थर घातलेला असतो जो ही ओल अडवतो. गॅरेजखाली तो असेलच असं नाही, जुन्या घरांत तर बऱ्याचदा नसतोच, कारण उघड्या कोब्यातून आलेली ओल उडून जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. खरी मजा पुढे होते. तुम्ही वर लाकडी फ्लोअरिंग किंवा कार्पेट घालता, ओल उडायची वाट बंद होते, आणि सहा महिन्यांनी फळ्या फुगतात आणि खोलीला कुबट वास यायला लागतो. लोक मग फ्लोअरिंगवाल्याला शिव्या घालतात.

याची एक घरच्या घरी करायची परीक्षा आहे. साधारण दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, कोबा झाडून पुसून कोरडा करायचा, चारी बाजूंनी टेपने पक्कं चिकटवायचं, कुठेही हवा जाता कामा नये, आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. मी दोन ठिकाणी चिकटवलं होतं, एक मधोमध आणि एक मोठ्या दारापासून दोनेक फुटांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी मधलं प्लास्टिक कोरडं ठणठणीत, आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे थेंब, आणि काढलं तर खालचा काँक्रीट चौकोनी गडद झालेला, जणू कोणी ओलं फडकं ठेवून उचललंय. आतल्या बाजूला थेंब म्हणजे ओल खालून येतेय, प्लास्टिकच्या वरच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे, तो वेगळा विषय. आणि हो, कोरड्या महिन्यात केलेली परीक्षा पास झाली म्हणून हुरळून जाऊ नका, पाऊसपाण्याच्या दिवसांत परत एकदा करा. फ्लोअरिंग महागाचं घालणार असाल तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारं यंत्र असतं ते लावून घेतलेलं बरं, प्लास्टिकची परीक्षा फक्त हो की नाही एवढंच सांगते, किती ते सांगत नाही.

दाराजवळच ओल का, तर तिथे बाहेरचा ड्राइव्हवे, म्हणजे गाडी आत आणायची फरसबंद वाट, येऊन टेकतो. आत्तापर्यंत तिथे थोडं पाणी साचलं तरी बिघडत नव्हतं, पण आता तिथे भिंत येणार आणि भिंतीच्या पायाशी कायम पाणी म्हणजे ती भिंत खालून भिजणार. त्यामुळे आतल्या कामाला हात घालायच्या आधी बाहेरचं बघायचं. ड्राइव्हवेचा उतार घराकडे असेल तर भिंतीच्या पुढे जाळीची आडवी नाली टाकून पाणी बाजूला काढायचं, छपराच्या पन्हळीचं पाणी तिथेच पडत असेल तर पाइप लांब न्यायचा. हे काम कोणाला दाखवता येत नाही, पाहुणा येऊन "वा, काय नाली आहे" म्हणणार नाही, म्हणून लोक हेच टाळतात.

आता जमीन. गॅरेजची जमीन घरापेक्षा साधारण एक पायरी खाली असते, कुठे चार इंच कुठे सहा, कुठे त्याहूनही जास्त. कारण तेच, पाणी आणि पेट्रोलची वाफ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटते, त्यामुळे मध्ये पायरी असली की घरात शिरत नाही. इंग्लंडच्या नियमात तर घर आणि गॅरेजमधल्या दाराशी १०० मिलिमीटरची पायरी हवी, नाहीतर जमीन बाहेरच्या बाजूला उतरती हवी, असं चक्क लिहिलेलंच आहे. गाडीच नसणार म्हटल्यावर ती पायरी तुमच्या कामाची नाही, उलट तीच जागा वापरून घ्यायची असते. आधी जाड प्लास्टिक अंथरायचं आणि भिंतीवर थोडं वर वळवायचं, त्यावर इन्सुलेशनचे म्हणजे थंडी-ऊन अडवणारे कडक फोमचे बोर्ड, त्यावर प्लायचे दोन थर सांधे चुकवून, आणि मग फ्लोअरिंग. उतार काढायला एकतर आधी सेल्फ लेव्हलिंगचं मिश्रण ओतायचं, जे पाण्यासारखं पसरून स्वतःच सपाट होतं, किंवा एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड अशा निमुळत्या कापलेल्या लाकडी पट्ट्या टाकायच्या. उतार जास्त असेल तर पट्ट्या बऱ्या पडतात, कारण पाच इंच मिश्रण ओतलं तर ते वाळायचीच वाट बघत बसाल, एक इंच काँक्रीट वाळायला ढोबळमानाने एक महिना धरतात. आणि काँक्रीटला टेकणारं लाकूड साधं वापरू नका, औषध मुरवलेलं घ्या.

पण इथेच घोडं पेंड खातं, ते म्हणजे उंची. जमीन चार-पाच इंच वर आली, छताला इन्सुलेशन आणि बोर्ड लागून आणखी दोन-तीन इंच गेले, की आधी ऐसपैस वाटणारं गॅरेज एकदम डोक्यावर येतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जो इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड आधाराला घेतात त्यात राहण्याच्या खोलीला किमान ७ फूट उंची लागते. म्हणून टेप घेऊन मोठ्या दाराच्या तोंडाशी मोजा, आतल्या टोकाला नको. तिथे उतारामुळे जमीन सगळ्यात खाली असते पण दाराच्या वरची तुळई किंवा लिंटेल खाली आलेली असते, आणि आतून गुळगुळीत छत करायचं तर तिचं काय करायचं हा प्रश्न येतोच. आमच्याकडे ती तुळई शेवटी झाकलीच नाही, रंगवून ठेवली. लोकांना वाटतं डिझाइन आहे.

आता थंडी आणि उन्हाचं, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकीव माहिती फिरत असते.

भिंत उष्णतेला किती अडवते हे मोजायला आर व्हॅल्यू नावाचा आकडा आहे, जितका मोठा तितका चांगला. फूट-इंचाच्या मापात सांगायचं तर एक इंच कडक गुलाबी किंवा निळ्या फोमचा आकडा साधारण ५, एक इंच काचेच्या लोकरीचा साधारण ३ ते साडेतीन. आणि गॅरेजच्या चार इंच जाड कोब्याचा? अर्धासुद्धा भरत नाही. विटेच्या एकाच थराची पातळ भिंत असेल तर तिचंही तसंच, एकाच्या आत. म्हणजे उघड्या काँक्रीट-विटेच्या गॅरेजमध्ये हीटर किंवा एसी लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. पैसे मशीनवर घालायच्या आधी भिंतीत घाला, मग लहान मशीनवर भागतं.

पण इन्सुलेशन म्हणजे नुसती ऊब नव्हे, त्यात वाफेची भानगड आहे. आपण श्वास घेतो, कपडे वाळत घालतो, अंघोळी करतो, सगळ्याची वाफ हवेत जाते. समजा खोलीत २२ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ५० टक्के, एकदम सुखाची हवा. ही हवा ११ अंशांच्या आसपास असलेल्या कुठल्याही गोष्टीला टेकली की पाणी सोडते, थंड पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब येतात ना, तेच. थंडीच्या दिवसांत इन्सुलेशनच्या मागची वीट ११ च्या खाली सहज जाते. म्हणजे खोलीतली वाफ फटीतून इन्सुलेशनच्या मागे पोचली की तिथे भिंतीच्या पोटात, तुम्हाला न दिसता, रोज रात्री दव पडणार आणि बुरशी धरणार. म्हणून थंड प्रदेशात वाफ अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या म्हणजे उबदार बाजूला लावतात आणि सांधे टेपने बंद करतात. आता गंमत बघा, गरम आणि दमट हवेच्या ठिकाणी, जिथे वर्षातले बरेच महिने एसी चालू असतो, तिथे हे सगळं उलटं होतं. वाफ बाहेरून आत येते आणि थंड आतल्या बोर्डच्या मागे पाणी सोडते, आणि तिथे कोणी व्हिडिओ बघून आतून प्लास्टिक लावलं असेल तर ते पाणी तिथेच अडकतं. एकाच यूट्यूब चॅनलवरचा उपाय सगळीकडे चालत नाही तो यामुळे. तुमच्या हवेत वाफ मुख्यतः कुठून कुठे जाते ते आधी ठरवा, पडदा मग.

विटेच्या एकाच थराच्या भिंतीचं आणखी एक आहे. अशी पातळ भिंत जोराच्या पावसात आरपार ओली होऊ शकते, त्यामुळे इन्सुलेशन थेट विटेला चिकटवायचं नाही. आत थोडं अंतर सोडून लाकडी किंवा लोखंडी चौकटीची वेगळी भिंत उभी करायची, इन्सुलेशन तिच्यात भरायचं. दोन्ही बाजूंनी मिळून सात-आठ इंच रुंदी जाते, आणि एका गाडीचं गॅरेज मुळात १० फुटांच्या आसपासच रुंद असतं त्यामुळे ते डोळ्यात येतं, पण इथे कंजुषी करू नका. चौकट जिथे जमिनीला आणि छताला मिळते, तिथले कोपरे सगळ्यात महत्त्वाचे. मी एका ओळखीच्यांची खोली बघितली आहे, भिंती झकास, फक्त जमिनीच्या कडेला एक-दीड इंच पट्टा इन्सुलेशनशिवाय राहिला होता, आणि थंडीत बरोबर तेवढ्याच पट्ट्यावर, स्कर्टिंगच्या वर, बुरशीची काळी रेघ, जणू पेन्सिलीने आखली आहे. सुरुवातीला म्हटलेली ती "आत"ची रेषा दीड इंच तुटली की हे असं होतं.

मोठ्या दाराचं भगदाड बुजवणं हे बाहेरून बघताना सगळं काम तिथेच आहे असं वाटायला लावतं. खरं तर वरचा भार घ्यायला तिथे तुळई आधीच असते, त्यामुळे भिंत घालणं अवघड नाही. अवघड आहे ती खालची बाजू. बाकीच्या भिंतींखाली पाया असतो, पण दाराच्या तोंडाखाली बऱ्याचदा पूर्ण पाया नसतो, नुसता कोबा कडेला थोडा जाड केलेला असतो किंवा तेवढंही नाही, कारण तिथे भिंत येणार हे कोणी धरलेलंच नव्हतं. हलकी लाकडी चौकटीची भिंत असेल तर कदाचित चालून जाईल, विटांची असेल तर नाही. एकच उपाय, कडेला एक खड्डा खणून बघायचं खाली काय आहे ते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं असेल तर इथे बोलवा, नाहीतर आधी कळस मग पाया अशी गत होते, नवीन भिंत बसते आणि कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. दुसरं म्हणजे नवीन भिंतीचं लाकूड ड्राइव्हवेच्या लेव्हलला आणायचं नाही, आधी सहा-आठ इंच उंच काँक्रीटचा कठडा ओतायचा आणि त्यावर चौकट. इंग्लंडमध्ये भिंतीतला ओल अडवणारा थर बाहेरच्या जमिनीपासून १५० मिलिमीटर वर ठेवतात त्याचं कारणही हेच, पावसाचे शिंतोडे उडून भिंत भिजते.

आणि ते दार काढताना एक गोष्ट प्लीज. दाराच्या वर आडव्या दांड्यावर जाड स्प्रिंग असते, ती अख्ख्या दाराचं वजन तोलून धरते, म्हणजे तेवढी ताकद तिच्यात पिळून भरलेली असते. पाना घेऊन ती स्वतः सोडवायला जाऊ नका. हात मोडलेत लोकांचे. बाकी सगळं स्वतः करा, पण स्प्रिंग सोडायला माणूस बोलवा.

आता हवा आणि आग. बऱ्याच घरांत गॅसचा वॉटर हीटर किंवा घर गरम करणारा फर्नेस गॅरेजमध्येच असतो. ही उपकरणं जळायला लागणारी हवा आसपासच्या जागेतून घेतात, आणि गॅरेज फटींनी भरलेलं असल्यामुळे आजवर त्यांना ती मिळत होती. आता तुम्ही त्या सगळ्या फटी मन लावून बंद केल्या आणि उपकरण आतच राहिलं तर काय होईल, ज्वाळेला हवा कमी पडेल, अर्धवट जळण होईल आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होईल, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेत जातो. हे उगाच घाबरवायला लिहीत नाही, या अख्ख्या कामातली खरी जिवावर बेतणारी चूक हीच आहे. एकतर उपकरण बाहेर हलवा, किंवा बाहेरूनच हवा घेणारं आणि बाहेरच धूर सोडणारं बंद प्रकारचं बसवा, किंवा वीजेवरचं घ्या. आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावाच.

फटी बंद केल्या की माणसांनाही हवा लागते, त्यामुळे उघडणारी खिडकी आणि शक्यतो एक लहान एक्झॉस्ट पंखा हवाच. एसीबद्दल लोक विचारतात की घराचा डक्ट तिकडे वाढवू का. बहुतेक वेळा नको. घरातलं मशीन घरापुरतं मोजून घेतलेलं असतं, त्यावर आणखी एक खोली लादली की सगळ्याच खोल्या थोड्या थोड्या कमी थंड होतात. स्प्लिट युनिट, जे गरम आणि थंड दोन्ही करतं, ते वेगळं लावलं की झालं.

आगीच्या बाजूला दोन गोष्टी आहेत. झोपायची खोली करणार असाल तर खिडकीतून माणूस बाहेर पडू शकला पाहिजे, कारण या खोलीची एक वाट घरातून जाते आणि आग नेमकी घरातच लागलेली असेल. अमेरिकन कोडमध्ये खिडकी उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट लागते, जमिनीलगतच्या मजल्यावर ५ चालते, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. इंग्लंडमध्ये ०.३३ चौरस मीटर, कुठलंही माप ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नाही, काठ ११०० मिलिमीटरपर्यंत. यात लोक एक फसतात, २४ बाय २० ची खिडकी घेतली की दोन्ही मापं पास होतात पण गुणाकार करून बघा, साडेतीन चौरस फूटसुद्धा होत नाही! म्हणजे एक माप बरंच मोठं लागणारच. आणि सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो हे दुकानात उभं असताना कोणाला आठवत नाही. ऑफिस किंवा टीव्हीची खोली करणार असाल तर हा नियम तितका कडक लागत नाही, पण पुढेमागे कोणीतरी तिथे गादी टाकणारच आहे, तेव्हा मी तरी मोठीच खिडकी घालीन.

दुसरी गोष्ट अर्धं गॅरेज ठेवणाऱ्यांसाठी. दोन गाड्यांचं गॅरेज आहे, अर्ध्यात खोली करू, अर्ध्यात गाडी, हा विचार चांगला आहे, पण मग मधली नवीन भिंत ही घर आणि गॅरेज यांच्यामधली भिंत झाली. म्हणजे अमेरिकन कोडप्रमाणे तिला गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड, दार भरीव किंवा आग काही वेळ अडवणारं, आणि खोली बेडरूम असेल तर गॅरेजमधून थेट तिच्यात उघडणारं दार चालतच नाही. रेषा हलवली की तिची कामं पण बरोबर हलवायची.

वीज आणि नळ यांचं थोडक्यात सांगतो. गॅरेजला बहुतेक एखादंच सर्किट असतं, त्याच्यावर एसी आणि कॉम्प्युटर आणि इस्त्री टाकली की ट्रिप होणार, तेव्हा मुख्य पॅनेलमधून नवीन सर्किट आणा, आणि पॅनेलच गॅरेजमध्ये असेल तर त्याच्यासमोर कपाट बसवायचं नाही, अमेरिकेत त्याच्यापुढे ३६ इंच मोकळी जागा सोडणं सक्तीचं आहे. बाथरूम करायचं मनात असेल तर सगळं गणित ड्रेनेजच्या उंचीवर ठरतं. पाणी कुठेही नेता येतं, मैला उतारावरूनच जातो, आणि लहान पाइपला तो उतार फुटाला पाव इंच लागतो, आणि गॅरेज आधीच घरापेक्षा खाली. म्हणजे एकतर कोबा फोडून पाइप खाली पुरायचा किंवा दळून वर ढकलणारा पंप लावायचा, जो चालतो पण आवाज करतो. घराच्या बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी जमत असेल तरच मी यात पडेन.

जुन्या ऑइलच्या डागांबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. काँक्रीटने वर्षानुवर्षं ऑइल प्यायलेलं असतं. लेव्हलिंगचं मिश्रण किंवा गोंद त्या डागावर धरत नाही, आणि उन्हाळ्यात त्याचा वास वर येतो. डिग्रीझर म्हणजे तेल काढणारं औषध टाकून घासा, दोनदा घासा, नाही गेला तर वरचा थर मशीनने खरवडून घ्या. छप्पर जुनं सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर मात्र खरवडणं, फोडणं, भोक पाडणं काहीच करू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या.

परवानगीचं काय? लागते, जवळपास सगळीकडे कुठली ना कुठली लागतेच, कारण राहायची नसलेली जागा तुम्ही राहायची करताय. नियम ठिकाणागणिक बदलतात पण प्रश्न तेच असतात, गाडी आता कुठे उभी करणार, घराच्या मूळ मंजुरीत गॅरेज राखण्याची अट आहे का, सोसायटीचे वेगळे नियम आहेत का. पार्किंगवर बऱ्याच ठिकाणी घोडं अडतं. कॅलिफोर्नियाने २०२० पासून एक बदल केला, गॅरेजचं स्वतंत्र छोटं घर करायचं असेल तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं पार्किंग द्या असं स्थानिक नगरपालिकेला म्हणता येत नाही, कारण घरांची टंचाई त्यांना पार्किंगपेक्षा मोठी वाटली. सगळीकडे इतकं सोपं नाही. विनापरवाना करणारे भरपूर आहेत, आणि बरीच वर्षं काही होतही नाही. मग घर विकायला काढलं की खरेदीदाराचा माणूस कागद मागतो, किंवा शॉर्ट सर्किट होतं आणि विमा कंपनी विचारते ही खोली नकाशात कुठे आहे, तेव्हा धावपळ करणं म्हणजे वरातीमागून घोडं. शिवाय इन्स्पेक्टर येऊन बघतो तो तुमच्याच बाजूचा असतो, फुकटात दुसरं मत मिळतं असं समजा.

आणि सामान! गॅरेजमध्ये गाडी किती जणांची असते देव जाणे, पण सायकली, शिडी, रंगाचे डबे, "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेल्या फरशा, जुना फ्रीझर, हे सगळं कुठे जाणार हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. आम्ही नाही ठरवलं. ते सगळं चार महिने हॉलमध्ये राहिलं, आणि मी सोफ्यावर बसून शिडीच्या पायऱ्यांमधून टीव्ही बघायचो.

कामाचा क्रम मात्र बदलू नका. बाहेरचं पाणी, मग पाया आणि मोठ्या दाराची भिंत, मग खिडकी, मग चौकटी, मग वायरी आणि पाइप, मग तपासणी, मग इन्सुलेशन, त्याचीही तपासणी असेल तर ती, मग बोर्ड, आणि फ्लोअरिंग सगळ्यात शेवटी. भिंती बंद करायच्या आदल्या दिवशी फोन घेऊन प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आणि फोटोत टेप उघडून धरा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून, म्हणजे कुठली वायर किती इंचांवर आहे ते दिसतं. मी हे केलं तेव्हा इलेक्ट्रिशियन हसला होता. दीड वर्षाने शेल्फ लावायला पेन्सिलीने खूण केली, ड्रिल हातात घेतलं, आणि सहज म्हणून फोटो उघडला, तर वायर खुणेच्या बरोबर खालून जात होती. शेल्फ आता चार इंच डावीकडे आहे, खिडकीच्या मध्यावर येत नाही, आणि बायको अजून विचारते की ते सरळ मधोमध का नाही लावलं.